पीटरसाहेबांची दाढी

हे लिहायचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील आमच्या नवघर गावामागच्या मिठागरावर कामाला होते आणि घरातला छापील कागद म्हणजे रेशन कार्ड आणि कॅलेंडर. सिनेमातल्या माणसांविषयी लिहायला मोठमोठे लोक आहेत. पण पीटरसाहेबांविषयी त्यांच्यापैकी कुणी लिहील असं वाटत नाही, आणि त्यांच्या दाढीचं जे झालं ते माझ्यामुळे झालं. म्हणून लिहितोय. चुकलंमाकलं तर माफ करावं.

सोमवारची सकाळ होती. भाईंदर स्टेशनहून समुद्राकाठच्या डोंगरी गावाला जाणाऱ्या बसमध्ये मला खिडकी मिळाली, म्हणून मी अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. पुस्तकातून एक निळा कागद मांडीवर पडला. वर टाइप केलेलं होतं, 'सीन ४१-ए'. खाली, 'डॉक्टर आणि नाखवाची बायको. बंगल्याची पडवी. दिवस.'

मी तो दोनदा वाचला. सीन ४१-ए आम्ही शूट केलाच नव्हता.

थोडं समजावून सांगतो. तेव्हा मी एस.वाय.ला होतो आणि एका टीव्ही मालिकेवर कंटिन्युइटीचं काम करत होतो. अक्षर चांगलं म्हणून मिळालेलं काम. मालिका गोष्टीच्या क्रमाने शूट होत नाही. माणूस आज दाराबाहेर उभा राहतो आणि आठ दिवसांनी आत येतो. त्याच्या शर्टाची बाही वर होती की खाली, घड्याळ कुठल्या हातात होतं, सिगारेट किती जळली होती, हे सगळं लिहून ठेवायला एक माणूस लागतो. तो कंटिन्युइटीवाला. कुणाचे किती सीन झाले, किती राहिले, याच्या खुणाही तोच करतो. नटाला 'तुमचं काम झालं' असं सांगायच्या आधी सगळे त्याच्याकडे बघतात.

शनिवारी पॅकअपला सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं होतं. ४१-ए हा सीन लेखकाने त्याच सकाळी आणून दिलेला. समुद्राचा वारा सुटला होता, कागद उडत होते, म्हणून मी तो हातातल्या पुस्तकात ठेवला. फाइलला लावायचा राहिला.

पीटरसाहेबांनी मला विचारलं होतं, "प्रोफेसर, मेरा सब हो गया? फाइल देख के बोल. दाढी निकालने का है."

मी फाइल बघितली आणि म्हणालो, "हो गया, सर."

पीटरसाहेबांचं खरं नाव पिएत्रो. जन्म इटलीत, समुद्राकाठच्या एका गावात. तरुणपणी मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. बोट मुंबईला लागली तेव्हा त्यांना कावीळ झाली. ते हॉस्पिटलमध्ये राहिले आणि बोट निघून गेली. बरे होऊन कुलाब्याला फिरत असताना कुणीतरी विचारलं, कोट घालून पार्टीत ग्लास धरून उभा राहशील का. ते उभे राहिले. ते मुंबईतच राहिले. हिंदी सिनेमात गोरा माणूस लागतो तेव्हा बोलवायचे असे जे दहा-पंधरा जण होते, त्यांत ते एक झाले. स्मगलर, बोटीचा कप्तान, हिऱ्यांचा व्यापारी, ज्याला हिरो पहिल्या अर्ध्या तासात मारतो तो इंग्रज अधिकारी. तीन वेळा पाद्री. लोक त्यांना रस्त्यात ओळखायचे, पण नाव कुणालाच सांगता यायचं नाही. अशा नटाला कॅरेक्टर आर्टिस्ट म्हणतात.

ते डोंगरीत फिलूमावशींच्या घरी मागच्या खोलीत भाड्याने राहायचे. गावात त्यांची भाषा गावाचीच होती. सेटवर हिंदी.

त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. आमच्या धंद्यात एक रीत आहे. नट पडद्यावर मेला, किंवा त्याच्या फोटोला हार घातला, की शॉट संपल्यावर लगेच त्याचा एक हसरा फोटो काढतात. अपशकुन राहू नये म्हणून. बरेच जण विसरतात. पीटरसाहेब कधीच विसरले नाहीत. फोटोग्राफरकडून प्रत मागून घ्यायचे, मागे आकडा टाकायचे आणि डब्यात ठेवायचे. एकदा फिलूमावशींच्या ओट्यावर बसून त्यांनी मला तो डबा दाखवला होता.

"ये घोडे से गिर के. ये बोट में बम. ये हिरो की माँ ने मारा, अच्छी बाई थी, बाद में सॉरी बोली." सव्वीस फोटो होते. सव्वीस फोटोंत ते हसत होते, कुठे कपाळावर रक्त, कुठे अर्धी मिशी जळालेली.

मग डब्याचं झाकण लावत म्हणाले, "इस सीरियल में डॉक्टर तेरह भाग जिंदा रहता है. मेरे को पहली बार आखिर तक जीना है, प्रोफेसर."

आमच्या मालिकेत ते कोळीवाड्यात दवाखाना चालवणारे म्हातारे गोरे डॉक्टर होते. पहिले सहा भाग पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे सलग कामाच्या पहिल्या टप्प्यात, शूट होणार होते. उरलेले सात दोन महिन्यांनी. मधल्या काळात त्यांना एका सिनेमात ब्रिटिश कर्नल मिळाला होता, दाढीशिवाय. दोन महिन्यांत दाढी परत वाढणार होती. सगळं नीट ठरलेलं होतं. पहिलं शेड्यूल पूर्ण होण्याआधी दाढी काढायची नाही, एवढंच.

बसमधून उतरून मी आधी फिलूमावशींकडे धावलो. त्या ओट्यावर बोंबील निवडत होत्या.

"मावशी, साहेबांनी दाढी काढली का?"

"तू बग ना. मला तं वलकूच न्हाय आले. मी म्हनलं, कोन भाडेकरू शिरला घरात."

पीटरसाहेब मागल्या दारी चहा पीत होते. चेहऱ्याचा वरचा भाग उन्हाने रापलेला आणि खालचा अर्धा पांढराफटक. बारा वर्षं त्या हनुवटीने ऊन बघितलं नव्हतं. मी निळा कागद पुढे केला. त्यांनी वाचला, गुडघ्यावर ठेवला, उरलेला चहा संपवला.

"चल," म्हणाले. "सर को बोलना पड़ेगा."

रस्त्यात मी ठरवलं होतं की शूटिंगच्या बंगल्यावर पोहोचल्यावर लगेच खरं सांगायचं. पोहोचलो आणि तोंड उघडलं नाही.

डायरेक्टर कर्णिकसर पडवीत उभे होते. त्यांनी पीटरसाहेबांकडे बघितलं, मग कागदाकडे.

"दाढी कुठे आहे?"

"गई, सर."

"एक सीन बाकी असताना? कुणाला विचारून?"

पीटरसाहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "शीशे को पूछा, सर."

"वीस वर्षं काम करताय तुम्ही. नवीन पोरंही अशी चूक करत नाहीत."

त्यांनी मान खाली घातली. मी फाइलची पानं उलटत राहिलो. मला त्या क्षणाची अजून लाज वाटते.

मग उपाय सुरू झाले. मेकअपमनने डिंक लावून पांढरी दाढी चिकटवली. लांबून बरी दिसत होती. पण ४१-ए मध्ये क्लोजअप होता, म्हणजे पडद्यावर नुसता चेहरा. कर्णिकसरांनी कॅमेऱ्यातून बघितलं आणि मान हलवली. "पायपुसणं लावल्यासारखं दिसतंय. काढा."

सीन सोडून देता येत नव्हता. गोष्टीत नाखवा, म्हणजे होडीचा मालक आणि डॉक्टरांचा एकुलता एक मित्र, पाचव्या भागात समुद्रात बुडतो. डॉक्टर मायदेशी परत जायला निघालेले असतात. ४१-ए मध्ये, म्हणजे सहाव्या भागातल्या त्यांच्या शेवटच्या सीनमध्ये, ते नाखवाच्या बायकोला सांगतात की मी जात नाही, इथेच राहतो. तो सीन नसेल तर डॉक्टर बोटीत बसून निघून गेले, असाच अर्थ होत होता. बंगला आमच्याकडे बुधवारपर्यंत होता. सहावा भाग त्यानंतर लगेच द्यायचा होता.

प्रोड्युसर मनसुखभाई खुर्चीत बसून होते. म्हणाले, "तो जाने दो ने डॉक्टर को. वापस आने का क्या काम छे?"

कर्णिकसरांनी निळ्या कागदाची घडी घातली. "ठीक आहे. सातव्या भागात बोटीवरून पत्र येतं. डॉक्टर वाटेत वारले. दवाखान्यात फोटो, फोटोला हार. पुढचे भाग मी लेखकाकडून बदलून घेतो."

दुपारपर्यंत फोटो फ्रेम होऊन आला. दाढीतला, पहिल्या भागातला. त्याला झेंडूचा हार घालून भिंतीवर टांगला आणि त्याचा शॉट घेतलासुद्धा. पीटरसाहेब समोर उभे राहून बघत होते.

"प्रोफेसर, ये कौन से भाग में?"

"सातव्या."

त्यांनी बोटांवर मोजलं. "छह कम."

फोटोग्राफर कॅमेरा घेऊन आला. "चलो साहेब, हसरा फोटो. रीत आहे."

"अभी नहीं," पीटरसाहेब म्हणाले. "बाद में." आणि पडवीच्या पायरीवर जाऊन बसले. सव्वीस वेळा न विसरलेला माणूस.

तेव्हा मी कर्णिकसरांसमोर गेलो आणि सांगितलं. कागद माझ्या पुस्तकात होता. त्यांनी मला विचारून दाढी काढली. मी हो म्हणालो.

सर चष्मा पुसत होते. "म्हणजे डॉक्टरला अर्थशास्त्राने मारलं."

"हो, सर."

"आणि सकाळपासून तू गप्प होतास."

"हो, सर."

मनसुखभाई म्हणाले, "छोकरे ने सच बोला, अच्छा है. पण उस से दाढी तो नहीं उगी ने."

ते खरंच होतं. सरांनी मला काढलं नाही. उद्याचा दिवस काम कर, मग बघू, म्हणाले. मी पायरीवर पीटरसाहेबांच्या शेजारी बसलो. माफी मागणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "परीक्षा कब है?" मी सांगितलं. "पास हो जा. नहीं तो मेरी दाढी फुकट गई."

संध्याकाळी घरी आलो तर बाबा पाय धुऊन ओट्यावर बसले होते. पायांना मिठाच्या भेगा, त्यांवर तेल चोळत होते. मी जेवलो नाही म्हणून आईने विचारलं आणि मी दोघांना सगळी गोष्ट सांगितली. मालिकेची गोष्टही सांगावी लागली. बाबा लक्ष देऊन ऐकत होते, जणू खरंच कुणी बुडालंय.

"त्या नाखवाला पोरगा हाय का?"

"आहे, पण परदेशी जहाजावर. त्याला कळवता येत नाही."

"भाऊ?"

"नाही."

बाबा तेल चोळायचे थांबले. "मंग केस कोनी काढले?"

"कुणाचे?"

"आरं, मानूस मेला. कोनीतरी डोकं करंल, दाढीमिशी काढंल. पोरगा न्हाय, भाव न्हाय, तं कोन? तुमच्या ष्टोरीत ह्ये कुनी लिवलंच न्हाय?"

कुणीच लिहिलं नव्हतं. लेखक दादरचा, सर पार्ल्याचे. मी नवघरचा असूनही मला सुचलं नव्हतं. आजोबा गेले तेव्हा बाबांनी मिशी काढली होती. मी तेव्हा चौथीत होतो. बाबांचा वरचा ओठ मी पहिल्यांदा बघितला आणि घाबरून आईच्या मागे लपलो होतो. तसाच पांढरा ओठ.

मी बाबांना म्हणालो, "डॉक्टर काढेल."

बाबांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. "गोरा हाय ना तो?"

"हो."

"दोस्त व्हता?"

"हो."

"मंग चालंल," बाबा म्हणाले. "पन डोकंबी करावं लागंल. नुसती दाढी काढली तं लोक हसतील."

मंगळवारी सकाळी मी हे कर्णिकसरांना जसंच्या तसं सांगितलं. ते पडवीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा चालले. मग म्हणाले, "म्हणजे तो बोलतच नाही. मी राहतो असं सांगायची गरजच नाही. ती बाई दार उघडते आणि हा समोर असा उभा."

"लोग मानेंगे?" मनसुखभाई म्हणाले. "गोरा आदमी मुंडन करेगा?"

"उनको पूछो," सर म्हणाले.

पीटरसाहेबांना विचारलं. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. केस पांढरे पण दाट होते, मागे वळवलेले. त्याच केसांवर अर्धी कामं मिळायची.

"तेरह भाग पक्का?"

"पक्का," सर म्हणाले.

"तो काट दो."

मी विचारलं, "सर, तुमचा कर्नल?"

"कर्नल को टोपी होती है," ते म्हणाले. "तू अपना पढ़."

आता न्हावी. सीनमध्ये खरा न्हावी हवा, असं सरांचं म्हणणं. डोंगरीतल्या दामूकाकांना आणलं. त्यांनी वस्तरा, वाटी, पाणी मांडलं, समोर बसलेल्या माणसाकडे बघितलं आणि विचारलं, "कुनाचं सुतक हाय?"

सरांनी नाखवाची गोष्ट सांगितली.

"ते तं खोटं. खोट्या सुतकाला मी वस्तरा लावनार न्हाय. ज्याचे केस काढले त्याला लागतं ते."

सर समजावू लागले, मनसुखभाई समजावू लागले. दामूकाका वाटी उचलून निघाले. तेव्हा पीटरसाहेब त्यांच्याशी गावाच्या भाषेत बोलले. तसं सेटवर ते कधी बोलत नसत.

"दामू, बस जरा. माजा बाप मेला तवा मी बोटीवर व्हतो. चिठ्ठी मला सात महिन्यांनी गावली. तवा काय करनार? काय केलं न्हाय. ह्ये त्याचं कर."

दामूकाका उभेच राहिले. "कवा मेला?"

"लय वर्सं झाली."

"नाव काय?"

"बत्तिस्ता."

दामूकाकांनी ते नाव दोनदा पुटपुटून बघितलं. मग खाली बसले आणि वाटीत पाणी ओतलं.

हा शॉट एकदाच घेता येणार होता. केस एकदाच पडतात, रीटेक नाही. क्लॅप, म्हणजे शॉटचा नंबर लिहिलेली पाटी, माझ्या हातात होती. नंबर मी तीनदा तपासला. कॅमेरा पाठीमागून होता. दामूकाकांचा हात, वस्तरा, पांढऱ्या धोतरावर पडणारे पांढरे केस. मनसुखभाईंनीसुद्धा तोंडातलं पान थांबवलं होतं. मग कॅमेरा पुढून. मेकअपमन डबा घेऊन धावला तर कॅमेरामनने त्याला अडवलं. "कुछ मत लगाओ. ये देखो." रापलेलं कपाळ आणि पांढरी हनुवटी. कालच दाढी काढलेल्या माणसाचा चेहरा जसा दिसतो, तसाच तो होता. ज्या पांढऱ्या हनुवटीने सगळं बिघडवलं होतं, तिलाच आता मेकअप लागत नव्हता.

नाखवाच्या बायकोचं काम करणारी नटी दार उघडून समोर आली. तिला दोन वाक्यं दिली होती. ती म्हणालीच नाही. सरांनी 'कट' म्हणायला उशीर केला.

पॅकअपनंतर फोटोग्राफरने विचारलं, "साहेब, आता हसरा?"

"किसलिये?" पीटरसाहेब म्हणाले. "मैं तो जिंदा है." तरी पायरीवर बसत म्हणाले, "एक निकाल. बाप के लिये." तो फोटोही डब्यात गेला, पण त्यामागे आकडा टाकला नाही.

उरलेले सात भाग दोन महिन्यांनी झाले. त्यांत त्यांचे केस बोटभर वाढलेले दिसतात. ते वाढत जाताना मी दर दिवशी लिहून ठेवलं आहे. तेराव्या भागाच्या शेवटी डॉक्टर जेट्टीवर उभे आहेत आणि होड्या परत येत आहेत. तो भाग लागला तेव्हा आमच्या घरात शेजारची वीसेक माणसं होती. बाबा सगळ्यात पुढे बसले होते. संपल्यावर म्हणाले, "जिता हाय की."

कर्नलचं मला नंतर कळलं, तेही फिलूमावशींकडून. कर्नलला टोपी होती, पण नाचाच्या पार्टीत ती काढावी लागत होती. त्या लोकांनी दुसरा गोरा घेतला. त्यानंतर केस येईपर्यंत साहेबांना काम नव्हतं. मला त्यांनी कधीच सांगितलं नाही. मी पास झालो तेव्हा पेढे घेऊन गेलो, तर त्यांनी अर्थशास्त्राचे मार्क तेवढे विचारले.

पुढच्या दोन-तीन वर्षांत ते आणखी तीनदा मेले. मग इटलीतली बहीण आजारी पडली आणि ते तिकडे गेले. सहा महिन्यांत येतो म्हणाले होते. आले नाहीत. फिलूमावशींनी खोली वर्षभर रिकामी ठेवली, मग भाड्याने दिली. आम्हीही नवघर सोडून जेसल पार्कला राहायला आलो. मी अजून कंटिन्युइटीच करतो, आणि एम.ए. बाहेरून. माझ्या हाताखाली येणाऱ्यांना एकच गोष्ट शिकवतो. आलेला कागद आधी फाइलला लावायचा, मग वारा अडवायचा.

गेल्या महिन्यात जुन्या घराशेजारचा वाणी रस्त्यात भेटला. म्हणाला, तुझं एक परदेशी पोस्टकार्ड माझ्याकडे पडून आहे, कधीचं. मी त्याच्याबरोबर गेलो. ते काचेच्या बरणीखाली होतं. शिक्का बघितला तर वर्ष उलटून गेलेलं.

पोस्टकार्ड म्हणजे एक फोटोच होता, मागे तिकीट लावलेलं. पीटरसाहेब पलंगावर बसले होते. अंगात आपल्याकडचा सदरा, डोक्याला पागोटं, ते जरा चुकीचं बांधलेलं. हसत होते. मागे इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहिलं होतं. त्यांचं अक्षर मी आधी कधी बघितलं नव्हतं.

'प्रोफेसर, इधर भी सीरियल मिला. मैं हिंदुस्तान से आया बूढ़ा वैद्य. सब बोलते हैं मैं एकदम हिंदुस्तानी लगता है. दूसरे भाग में मर गया. इन लोगों को रीत मालूम नहीं, फोटो भांजी से निकलवाया. नंबर तीस. अभी डॉक्टर लोग बोलते हैं मेरी तबीयत ठीक नहीं. दाढी फिर से बढ़ाई है. मेरा सब हो गया क्या? फाइल देख के बोल.'

मी घरी आलो आणि ती जुनी फाइल काढली. मग कपाटातली कॉलेजची सगळी पुस्तकं एकेक करून झटकून बघितली.